काकू म्हणा, पण…

‘कॉलेजातल्या पोरींनो, एचपीव्हीची, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची, लस घ्या’ असं मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर ‘एक वाचक’ या नावानं आलेली ही प्रतिक्रिया: ‘काकू, आधी अभ्यास करा, मग कंपन्यांची जाहिरात करा. वीस वर्षांच्या मुलीला दोन नाही, तीन डोस लागतात. आंध्रात मुली मेल्या ते सोयीस्कर विसरलात. सहा हजार रुपये कामवालीची मुलगी कुठून आणणार? आणि लग्न न झालेल्या मुलींना ही लस घ्या म्हणजे तुम्ही काय सुचवताय, ते न कळण्याइतके आम्ही दूधखुळे नाही.’

डोसांचं बरोबर आहे. दोन डोस चौदापर्यंतच्या मुलींना, पंधराच्या पुढे तीन. घाईत चुकलं, दुरुस्त केलंय, आभार. हेच ‘तेवढा आकडा बघा’ असं सरळ लिहिलं असतंत तर बोटं झिजली नसती. ‘काकू’चाही राग नाही, त्रेपन्नाव्या वर्षी लोक काकूच म्हणणार. पण पाठोपाठ ‘आधी अभ्यास करा’ आलं की त्या काकूचा सूर कळतो हो. आणि जाहिरातीचं म्हणाल तर आजवर एक छदाम मिळालेला नाही.

आता तुमचं ते ‘काय सुचवताय’.

माझी आत्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिली होती. सोळाव्या वर्षी लग्न. परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. पाळी बंद होऊन वर्ष झालं असेल, तिच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं. दीड वर्ष कुणाला बोलली नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या घ्यायची, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून त्या धुवायची आणि गोठ्यामागं, कडब्याच्या गंजीआड वाळत घालायची. मी दिवाळीला गेले तर ही पंगतीत बसेना. ताट घेऊन दाराशी, वाऱ्याच्या तोंडाला बसली. मला वाटलं, काहीतरी रुसवाफुगवा. वास येतो म्हणून ती लांब बसायची, हे आईनं परतीच्या एसटीत सांगितलं. बार्शीला नेईपर्यंत फार उशीर झाला होता. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. १९९६च्या उन्हाळ्यात गेली. १९९९ सालापासून त्याच जिल्ह्यात लाखावर बायकांचा अभ्यास झाला, आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आत्याला तीन वर्षं कमी पडली.

तर सांगा, ती बाई काय ‘सुचवत’ होती?

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, हो. लग्नाच्या नवऱ्याकडूनही येतो, आणि नवऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. एकदा झालेला संसर्ग ही लस बरा करत नाही, म्हणून ती आधीच घ्यायची असते. म्हणूनच नऊ ते चौदा हे वय सांगतात, आणि ते हुकलं तर निदान सव्विशीच्या आत. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाच्या आत लस घेतलेल्यांमध्ये हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी आढळला. लस हे कुणाच्या चारित्र्याचं सर्टिफिकेट नव्हे. असला विचार तुमच्या डोक्यात पहिल्यांदा येतो, त्याला मी काय करू?

आंध्र विसरलेले नाही. २००९मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला, सात मुली गेल्या, एप्रिल २०१०मध्ये तो थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध निघाला नाही. एक बुडाली होती, एकीला साप चावला होता. संमतीच्या कागदावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या ते वाईटच, पण त्यात लसीचा काय दोष? असो.

किमतीचं म्हणाल तर पुण्यात बनणारी सर्वाव्हॅक ही एचपीव्हीची लस खासगीत डोसाला दोन हजारांच्या घरात आहे. महाग आहे. ते सरकारला विचारा, मी मेडिकल टाकलेलं नाही.

धाकटीचा तिसरा डोस शनिवारी आहे. तिला तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली, तर म्हणाली, ‘आई, असल्यांना उत्तर देत बसू नकोस.’ दोन तास झाले, बसलेच आहे.