तारेवरची सवय आणि हवेतली रीत: एका प्रतिक्रियेला उत्तर

सविनय नमस्कार.

हौशी रेडिओवर, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून चालवायच्या रेडिओवर, वापरली जाणारी मोर्स ही ठिपके आणि रेघांची संकेतलिपी शिकण्याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तार कार्यालयात आयुष्य घालवून आता वर्धा जिल्ह्यात शेती करणाऱ्या माणसाने लिहिलेली असल्यामुळे ती मला जरा जास्तच लागली. आपले आक्षेप तीन आहेत. मी वेगापेक्षा शिष्टाचारावरच अधिक लिहिले. ठिपके आणि रेघा मोजू नका हा माझा सल्ला आपल्या अनुभवाविरुद्ध आहे. आणि ‘रात्री चाळीस मीटरचा पट्टा (म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या वारंवारता) उत्तम’ या माझ्या वाक्यावर विसंबून, हरभऱ्याला रात्रपाळीचे पाणी देताना पहाटे चारला आपण नागपूरचे स्टेशन शोधले तर तिथे शुकशुकाट होता, दुपारी मात्र तेच स्टेशन खणखणीत ऐकू आले.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. ‘उत्तम’ लिहिले, पण कोणत्या अंतरासाठी ते लिहिले नाही. दिवसा वातावरणाच्या वरच्या थरांत विद्युतभारित कण दाट असतात, त्यामुळे ७ मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ उभी वर गेली तरी सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून परत खाली येते आणि शंभर किलोमीटरवरचे नागपूर आपल्याला लाभते. दूरच्या तिरप्या लहरी मात्र खालचा ‘डी’ थर शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो, म्हणून दूरची स्टेशने उघडतात, पण वरचा थरही पहाटेपर्यंत विरळ होत जातो. तळ्यात चपटा दगड तिरपा मारला की भाकऱ्या निघतात आणि वरून सोडला की तो बुडतो, तसेच इथे होते: उभी लहर थर भेदून अवकाशात जाते आणि तिरपी तेवढी हजारभर किलोमीटरवर उतरते. मधल्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या बांधावर, नागपूरची लहर पोहोचतच नाही. पहाटे नागपूर हवेच असेल तर ३.५ मेगाहर्ट्झकडे उतरावे लागेल. त्याच लेखातल्या तक्त्यात चाळीस मीटरचा पट्टा मी ७.० ते ७.३ मेगाहर्ट्झ असा छापला होता, तो अमेरिकेचा आहे. भारतात हौशी रेडिओसाठी ७.० ते ७.२ इतकाच आहे. तक्ता दुरुस्त केला आहे.

मोजण्याच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. आपल्या कार्यालयातले यंत्र शिटी वाजवत नव्हते. लोखंडी पट्टी खाली आली की ‘कड’ आणि वर गेली की ‘कट्ट’, आणि त्या दोन ठोक्यांमधला अवकाश म्हणजे ठिपका किंवा रेघ. रेडिओवर सलग सूर येतो. परवान्याच्या वरच्या श्रेणीसाठी आपल्याकडे मिनिटाला आठ शब्दांची परीक्षा असते. त्या वेगाने ठिपका ०.१५ सेकंदाचा, रेघ त्याच्या तिप्पट, अक्षरांमधली फट तीन ठिपक्यांची आणि शब्दांमधली सात ठिपक्यांची. इतक्या संथ चालीत मोजता येते, हीच अडचण आहे; वेग पंधरावर गेला की मोजणारा गळतो. म्हणून अक्षर पहिल्या दिवसापासून पंधरा-अठराच्या वेगाने ऐकावे आणि फटी तेवढ्या लांबवाव्यात. ‘सी’ म्हणजे डा-डि-डा-डिट हा एकच झोका आहे. मध्ये जरा रेंगाळलात की त्याचे दोन ‘एन’ होतात, आणि मोजणाऱ्याचा हात नेमका तिथेच रेंगाळतो.

आता शिष्टाचार. तारेच्या दोन टोकांना कोण आहे हे आपल्याला ठाऊक असे, कारण तार खात्याची होती. हवा कुणाच्याच मालकीची नाही. शिवाय वर सांगितलेल्या कारणामुळे दोघांच्या संभाषणातला एकच जण आपल्याला ऐकू येतो, किंवा तोही येत नाही. मी नवशिका असताना दोन मिनिटे शांतता ऐकून सरळ ‘सीक्यू’ (कुणीही उत्तर द्या, अशी सर्वांना हाक) हाणले, आणि पलीकडून कुणीतरी फक्त ‘क्यूआरएल’ एवढे पाठवले: वारंवारता वापरात आहे. दोन जण बोलत होते, पाठवणारा मला ऐकू येत नव्हता, ऐकणाऱ्याने मला टोकले. कान गरम झाले. तेव्हापासून आधी ऐकतो, मग ‘क्यूआरएल?’ विचारतो, थांबतो, पुन्हा विचारतो, आणि मगच सीक्यू, शेवटी ‘के’, म्हणजे आता तुम्ही पाठवा. उत्तर आल्यावर फक्त त्याच्याशीच बोलायचे असेल तर ‘केएन’, संभाषण संपले की ‘एसके’ ही समाप्तीची खूण. समोरचा संथ असेल तर आपणही संथ व्हायचे, त्याला ‘क्यूआरएस’, म्हणजे सावकाश पाठवा, असे मागायची वेळ येऊ द्यायची नाही. (तीन वेळा नाव विचारूनही ५९९ चा, म्हणजे अगदी स्पष्ट ऐकू येते असा, शेरा देणारे महाभाग इथेही आहेत, त्यांचा बंदोबस्त माझ्याकडे नाही.) एवढे सगळे पाळून वेग बाराचा असलेला माणूस मला पंचवीसच्या वेगाने दुसऱ्याच्या डोक्यावर पाठवणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो.

आपल्या कानाला ठोक्यांची सवय आहे, म्हणून सूर साधारण ६०० हर्ट्झचा, मधुर ठेवा आणि पहिले पंधरा दिवस पेन्सिल हातात घेऊ नका. दुपारी ७.०१० मेगाहर्ट्झच्या आसपास बसा. मोटारपंपाच्या स्टार्टरची खरखर आडवी आली तर वीज जाण्याची वाट पाहा. आपल्याकडे ती फार वेळ पाहावी लागत नाही.