काकू, जर्मनचा कोणता कोर्स घेऊ?

समोरच्या बिल्डिंगमधली मुलगी परवा संध्याकाळी आली. नर्स आहे, पाळ्या बदलत्या, त्यामुळे क्लासच्या वेळा जमत नाहीत. सोफ्यावर टेकायच्या आधीच विचारलं, "काकू, घरी बसून जर्मन शिकायचंय. कोणता कोर्स घेऊ?" २०२४ साली महाराष्ट्राचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार झाला, तेव्हापासून आमच्या सांगलीत हा प्रश्न विचारणारी ही सहावी की सातवी. प्रत्येकीला चहाबरोबर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा इथे लिहून टाकते.

आधी माझी लायकी सांगते, म्हणजे कुणाची फसगत नको. मी काही जर्मनची बाई नाही. ३४ वर्षं बँकेत काढली, आता निवृत्त. मुलगा जर्मनीत कार्ल्सरूहला आहे, सून तिकडचीच. विहीणबाई पूर्व जर्मनीत वाढल्या, शाळेत रशियन शिकल्या, इंग्रजीच्या नावाने शून्य. व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो. किती हसणार? पाच मिनिटांनी गाल दुखायचे. म्हणून साठीत जर्मनला हात घातला.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, मोबाइलवरच्या अ‍ॅपने. २१० दिवस एकही खाडा नाही. आमचे हे थट्टा करायचे, की देवाला दिवा लागला नाही तरी चालेल, हिची हजेरी चुकणार नाही. २११ व्या दिवशी विहीणबाईंनी विचारलं, दुपारी काय जेवलात? आणि मला एक शब्द सुचेना. अ‍ॅपमध्ये मी चार पर्यायांतून बरोबर शब्दावर बोट ठेवायला शिकले होते. तोंडातून शब्द काढायची वेळ तिथे कधी आलीच नव्हती.

मग पैसे भरून एक ऑनलाइन कोर्स घेतला. जाहिरात होती, शून्यापासून सहा महिन्यांत बी-२, म्हणजे भाषेची चौथी पायरी. बँकेत इतकी वर्षं लोकांच्या कर्जाचे हिशेब तपासले, पण हा हिशेब काही केला नाही. जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी खुद्द गोएथे इन्स्टिट्यूट म्हणते की नुसत्या ए-१ ला, म्हणजे पहिल्या पायरीला, पंचेचाळीस मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात. त्याच्या पुढे ए-२, मग बी-१, मग कुठे बी-२. रोज तासभर अभ्यास करणाऱ्या माणसाला सहा महिन्यांत ए-१ नीट झाली तरी खूप झालं. त्या कोर्सात एक सर इंग्रजीतून जर्मनबद्दल बोलायचे आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. वही सुरेख झाली. जर्मन जिथल्या तिथे.

खरी अडचण काय होती ते एका फोन नंबरने दाखवलं. विहीणबाईंनी शेजारणीचा नंबर सांगितला, तिकडच्या रीतीने दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत. त्या म्हणाल्या 'फ्युन्फ-उन्ट-ड्रायसिश', मी लिहिलं ५३. होते ३५. हयात आकड्यांत गेली आणि आकड्यांतच मार खाल्ला! रात्री पोळ्या लाटताना लक्षात आलं. फ्युन्फ म्हणजे पाच, उन्ट म्हणजे आणि, ड्रायसिश म्हणजे तीस. पाच आणि तीस. अहो, हे तर आपलं पस्तीस! आपणही एकक आधी आणि दशक नंतरच म्हणतो. एकवीस, बावीस, त्रेचाळीस. मी मात्र प्रत्येक आकडा आधी इंग्रजीत उलटा करत होते आणि मग जर्मनमध्ये सुलटा. मुंबईला जायला सांगलीहून आधी बेळगाव गाठायचं, तसला प्रकार.

त्या दिवसापासून इंग्रजी बाजूला ठेवली आणि एक मराठी वही घातली. काय सांगू, एकेक गाठ सुटत गेली. 'मिअर इस्ट काल्ट', म्हणजे मला थंडी वाजतेय. 'दास गेफेल्ट मिअर', म्हणजे मला ते आवडतं. सरांनी यावर अर्धा तास घालवला होता, की इथे 'मी' कर्ता का नाही. इंग्रजीतून शिकवताना घालवावाच लागतो. मराठी माणूस जन्मापासून 'मला आवडतं' म्हणतो, त्याला यात समजावायचं काय? 'तू' आणि 'तुम्ही'चा फरक, पोटवाक्यात शेवटी जाऊन बसणारं क्रियापद, तीन लिंगं, यातलं काहीच आपल्याला परकं नाही.

पण म्हणून सगळा हलवा नाही हं. तीन लिंगं असतात हे माहीत असलं तरी कुणाचं कोणतं ते सगळं नव्यानेच. आपला तो चमचा, तो काटा, ती सुरी. त्यांचा चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. डेअर ल्योफेल, डी गाबेल, दास मेसर. सूर्य त्यांच्याकडे बाई आहे, चंद्र बुवा. मी स्वयंपाकघरात निळ्या, लाल, हिरव्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मावशी कामाला आल्या आणि घाबरून म्हणाल्या, घर विकताय काय? विभक्तीतही तेच. आपल्याकडे द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींना 'ला' चालून जातो, त्यांच्याकडे दोन्ही वेगळ्या, तिथे पाठांतराला पर्याय नाही. आणि 'त्स'चा उच्चार. 'चांगला'तला च आपल्याला येतो, म्हणून 'त्साइट', म्हणजे वेळ, झकास जमतं. पण पुढे इकार आला की आपली जीभ 'चिमणी'च्या च वर घसरते, आणि त्सिमर म्हणजे खोली, तिचं चिमर होतं. विहीणबाई अजून हसतात.

आता कोर्सचं. घरी शिकणाऱ्याने एक पाठ्यपुस्तक धरावं. एकच. 'नेट्झवेर्क नॉय' घ्या, 'मेन्शेन' घ्या नाहीतर 'श्रिटे इंटरनात्सिओनाल' घ्या, मला तरी त्यात फार डावं-उजवं दिसलं नाही. मी 'श्रिटे' केलं, कारण धडा आणि स्वाध्याय एकाच पुस्तकात आहेत आणि ए-१ चे दोन भाग असल्याने पहिला संपला की काहीतरी पार पडल्यासारखं वाटतं. ही पुस्तकं पहिल्या पानापासून जर्मनमध्येच असतात. घाबरू नका, तोच त्यांचा गुण. समजुतीच्या टिपा तुमच्या तुम्ही मराठीत लिहा. घेताना एवढं बघा की स्वाध्यायांची उत्तरं आणि ऐकायचे ऑडिओ कुठे मिळतात. वर्गात बाई चुका दाखवतात, घरी उत्तरांशिवाय आपणच आपली पाठ थोपटत राहतो.

ऐकण्यासाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचा 'निकोस वेग' हा व्हिडिओ कोर्स आहे, ए-१ पासून बी-१ पर्यंत, पूर्ण फुकट. निको नावाचा स्पॅनिश मुलगा जर्मनीत उतरतो आणि त्याची बॅगच हरवते, तिथून गोष्ट सुरू होते. मी ती मालिकेसारखी बघितली, ह्यांनीसुद्धा. पण मालिका बघून कुणी बोलायला लागत नाही. एक प्रसंग झाला की थांबवायचं आणि तेच संवाद मोठ्याने म्हणायचे, दार लावून का होईना.

मी मध्येच हट्टाने पुण्याला जाऊन गोएथेची ए-१ ची परीक्षाही दिली. त्यांच्याकडे क्लास केला नसला तरी बसता येतं. १०० पैकी ६० ला पास. लेखनात एक फॉर्म भरायचा आणि साधारण तीस शब्दांचा छोटा मजकूर. तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून दिली की बाई नावाचं स्पेलिंग विचारतात आणि एखादा नंबर सांगायला लावतात. नंबर! मनातल्या मनात पस्तीस म्हटलं आणि धडाधड सांगून मोकळी झाले.

त्या मुलीला मात्र मी वेगळं सांगितलं. माझं काम विहिणीशी गप्पांचं, तिचं पोटापाण्याचं. नर्सिंगला बी-२ लागतं. ए-२ पर्यंत घरी कर म्हटलं, पैसे वाचव, आणि मग ते पैसे चुका काढणाऱ्या एखाद्या चांगल्या शिक्षकावर घाल. पेशंटच्या गोळीचा डोस ऐकताना ३५ चे ५३ झालेले चालायचे नाहीत.

'श्रिटे'चा माझा पहिला भाग तिला देऊन टाकलाय. पहिले तीन धडे पेन्सिलीने सोडवलेत, खोडून घे म्हटलं. चौथ्यापासून पेन आहे, त्याला इलाज नाही.