११ टक्क्यांवरून कट्ट्यावर रण

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या धरणगावात कापसावरून भांडायला निमित्त लागत नाही, पण २०२५च्या गणपतीत ते थेट दिल्लीहून आलं. बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क केंद्राने १९ ऑगस्टपासून माफ केलं होतं, ३० सप्टेंबरपर्यंत. ऋषिपंचमीला, म्हणजे २८ ऑगस्टला, तीच मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. मंडपाशेजारच्या टपरीवर चहा यायच्या आतच अण्णा पेटले.

"सरकारले आमनं घर दिसत नही का रे भो? सप्टेंबरपर्यंत म्हणत होते तवर मी गप्प होतो, माझा कापूस कुठे घरात आलेला असतो तेव्हा! आता दसऱ्याला, दिवाळीला, सगळा हंगाम दार उघडंच."

कापसातली सरकी काढून रुई विकणारे जिनिंगवाले शेठ म्हणाले, "अण्णा, सूतगिरण्याच बसल्या तर रुई मी कोणाला विकू? अमेरिकेने २७ तारखेपासून आपल्या मालावर ५० टक्के कर लावलाय. तिरुपूरच्या कपड्यांच्या ऑर्डरी बांगलादेशात जातील. कच्चा माल तरी स्वस्त पडू दे त्यांना."

शेठचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त खेडा खरेदीला, म्हणजे गावात दारावर कापूस घ्यायला, येतात तेव्हाही त्यांना कापूस स्वस्तच हवा असतो, एवढं कट्ट्याला ठाऊक आहे.

एमपीएससी करणाऱ्या आमच्या पोराने वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. समजा, बाहेरची रुई बंदरात खंडीला ५०,००० रुपयांना पडते. ११ टक्के म्हणजे ५,५०० रुपये. खंडी ३५६ किलोची. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई धरली तर एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. म्हणजे क्विंटलमागे सव्वापाचशे रुपयांची भिंत होती, ती काढली.

"सगळेच सव्वापाचशे काही भावातून जात नाहीत," शेठ म्हणाले. "हमीभाव आहे ना! लांब धाग्याला यंदा क्विंटलला ८,११०."

"सीसीआयने घेतला तर," अण्णा. सीसीआय म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं केंद्राचं कापूस महामंडळ.

पोरगं म्हणालं, शुल्क माफ करायला संसदेत जावं लागत नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ मधल्या कलम २५ खाली अर्थ खातं अधिसूचना काढतं, झालं. माल बाहेर जाऊ द्यायचा की नाही, ते वाणिज्य खातं ठरवतं, १९९२च्या परकीय व्यापार कायद्याखाली. हमीभावाचा प्रस्ताव कृषी खात्याकडून जातो. तीन खाती, आणि बोंड एकच.

मास्तरांना लगेच २०१२ आठवलं. मार्चच्या सुरुवातीला कापसाची निर्यात एका फटक्यात बंद झाली होती. शरद पवार तेव्हा केंद्रात कृषिमंत्री. आपल्याला विचारलंच नाही म्हणून तेच जाहीर नाराज झाले. आठवडाभरात बंदी मागे घेतली. "पण त्या आठवड्यात ज्याने घाबरून विकला, त्याचं काय?" मास्तर म्हणाले. त्यावर कोणी बोललं नाही.

सावद्याचा केळीवाला मध्येच म्हणाला, आमच्याकडे तर कराचा प्रश्नच नाही, खोक्यात कीड सापडली की समोरचा देश कंटेनर अडवतो. त्याला चहा दिला आणि पुन्हा कापसावर आलो.

मला स्वतःला ११ टक्के जास्त की कमी, यात फारसा रस नाही. गिरणी जगली पाहिजे हेही मान्य. पण गिरणीवाला महिन्याचा सौदा करतो आणि अण्णा जूनमध्ये बी टाकून मोकळे झालेले असतात. ऑगस्टमध्ये नियम बदलला तर गिरणी परदेशी गाठींची ऑर्डर देऊ शकते. अण्णांनी काय करायचं, कापूस उपटून मका लावायचा? शुल्क काढायचंच असेल तर पेरणीआधी सांगा, आणि बाजारभाव हमीभावाखाली गेला की ते आपोआप परत लागू दे, असं मी म्हणालो.

शेठ हसले. "मग गिरणीने ऑर्डर कोणत्या भरवशावर घ्यायची?"

अण्णांनी खिशातून फोन काढून पोरासमोर धरला. "ते सीसीआयचं कपास किसान अ‍ॅप भरून दे बेटा. सातबाऱ्यावर पेरा लागलाय का तेही बघ."

"भरा, भरा," शेठ उठता उठता म्हणाले. "पण १२ टक्क्यांच्या वर ओल निघाली की ते घेणार नाहीत. मग गाडी माझ्याच काट्यावर येईल."

"वाळवून नेसू," अण्णा म्हणाले. "तुमना काट्यावर येवाले मी काय येडा शे?"