पाणी येतं त्या दिवशी

आज पहाटे पावणेपाचला नळाला पाणी आलं. पाचव्या दिवशी. सोलापुरात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. मोटर लावा, पाइप ओढा, पिंपं भरा, हंडे भरा. दीड-दोन तास घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. तेवढा वेळ माझी मुलगी कॉटवर एका कुशीवर पडून असते. तिला आपणहून कूस बदलता येत नाही. आज मध्येच पाइप टाकीत सोडून तिच्याकडे गेले, तर तिचा हात अंगाखाली अडकला होता. रडत नव्हती. नुसती दाराकडे बघत होती. ते बघणं सकाळपासून डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून लिहितेय.

तेरा वर्षांची आहे ती. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं, सोबत फिट्सचा त्रास. वजन 34 किलो. चार वर्षांची होती तेव्हा कडेवर घेऊन मी सात रस्त्यापर्यंत चालत जायचे. आता कॉटवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत कॉटवर, असं दिवसातून आठ-दहा वेळा उचलावं लागतं. कंबर दुखते म्हणून दाखवायला गेले तर सांगितलं, वजन उचलू नका. मी हो म्हणाले आणि घरी येऊन तिला मोरीत नेलं.

लोक वाईट नाहीत, हे आधी सांगते. "देवानं तुमच्यासारख्यांच्याच घरी पाठवलं," "तुम्ही म्हणून करता, आमच्यानं झालं नसतं," हे मनापासून म्हणणारी माणसं मला रोज भेटतात. पण त्यांना माझं कौतुक वाटतं त्याच क्षणी ते काम कायमचं माझं एकटीचं होऊन जातं. ज्याला आपण थोर म्हणतो त्याला "सर बाजूला, आता मी बसतो" असं कुणी म्हणत नाही.

थेरपीच्या हॉलबाहेरच्या बाकावर आम्ही आया बसतो. पूर्व भागातली एक बाई येते, विड्या वळणारी. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. तिचा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझमचा, दार उघडं दिसलं की रस्त्यावर पळतो. एकदा ती एकटीच आली, कागदपत्रांसाठी. मी विचारलं, "पोराला कोण बघायलंय मग?" म्हणाली, "थोरली बसली की ओ घरात. तिची शाळा बुडली आज." जरा थांबून म्हणाली, "आधी हजार वळत होते दिवसाला. आता सहाशे पण होईनात." विड्यांची मजुरी नगावर मिळते. म्हणजे त्या घराचं नुकसान तीन ठिकाणी चाललंय, आईच्या मजुरीत, थोरलीच्या शाळेत आणि आईच्या झोपेत. अपंगत्वाच्या सरकारी दाखल्यावर मात्र एकाच गोष्टीची नोंद असते, मुलाच्या अपंगत्वाची टक्केवारी.

मी दाखल्याच्या विरोधात नाही. ज्यांनी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल त्यांनी आधी काढा, पुढचं सगळं त्यावरच अडतं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं मानधन 1500 वरून 2500 झालंय, त्यासाठी अर्ज करा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय हा आरोग्य विमा 1 लाखापर्यंतचा आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी तो आहे. मूल अठराचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. आई-बाप आहोत म्हणजे आपोआप पालक राहू, असं नसतं. हे मला फार उशिरा कळलं.

आणि आणखी एक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्या माणसाची व्याख्या आहे. पगार घेऊन करणारा असो की बिनपगारी, आई-वडीलसुद्धा त्यात धरलेत. कलम 24 मध्ये जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. नॅशनल ट्रस्टने तर घरच्यांना थोडी उसंत मिळावी म्हणून मुलांना काही दिवस सांभाळणाऱ्या केंद्रांची 'समर्थ' योजना आखली होती. म्हणजे आई-बाप थकतात हे दिल्लीत कुणीतरी लिहून ठेवलंय. आमच्या गल्लीत ते अजून आलेलं नाही. निवडणुकीत मत मागायला येतील त्यांना मी हेच विचारणार आहे. तुम्हीही विचारा. महापालिका आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून एका वॉर्डात दिवसभराचं एक केंद्र का निघू नये?

एक गोष्ट लिहू की नको, असं चाललंय मनात. लिहिते. मुलीची पाळी सुरू झाल्यावर मला चार जणींनी सांगितलं, पिशवी काढून टाक, सुटशील. त्यातली एक शिकलेली, नोकरी करणारी. 1994 साली पुण्यात मतिमंद मुलींच्या अशाच शस्त्रक्रिया झाल्या होत्या, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. आज कायदा स्पष्ट सांगतो, तिच्या संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता घालवणारा कोणताही उपचार करता येत नाही. पण मला राग त्या बायकांचा आला नाही. त्यांना माझा त्रास दिसत होता, त्यावर उपाय म्हणून मात्र मुलीच्या पोटावर सुरी एवढंच सुचलं. महिन्यातले ते चार दिवस मदतीला एक बाई, हे कुणाला सुचलं नाही.

बापांबद्दल कुणी बोलत नाही. माझे मिस्टर अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहेत. रात्री नऊला येतात, हात-पाय धुतात आणि जेवायच्या आधी तिला उचलून अंगणात बसवतात. त्या वेळी दोघं काही बोलत नाहीत. ते कुणापाशीच बोलत नाहीत, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते.

आमच्या घरात फरक पडला तो माझ्या धाकट्या जावेमुळे. गेल्या वर्षी तिनं विचारलं, "ताई, मला शिकवा की तिचं सगळं." चार रविवार लागले. पहिल्या रविवारी तिचे हात थरथरत होते. पेज भरवताना पाठ ताठ हवी, मान मागे टाकायची नाही, घास गिळल्याशिवाय दुसरा चमचा नाही. उचलताना आपले गुडघे वाकवायचे, कंबर नाही. फिट आली तर तिला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, घड्याळ बघायचं. दातांत चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, कांदा नाही की चप्पल हुंगवणं नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर रिक्षा बोलवायची आणि दवाखाना गाठायचा. एवढंच आहे ओ. घाबरायचं काही नाही असं मी म्हणणार नाही, पण शिकता येण्यासारखं आहे.

यंदा जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी जाऊबाई म्हणाली, तुम्ही दोघं जा, मी आहे. आठ वर्षांनी आम्ही नंदीध्वजांची, त्या उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक बघितली. सातही काठ्या समोरून गेल्या, बाराबंदीतली माणसं, "हर्र बोला" चाललेलं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. दुःखानं नाही. माझे दोन्ही हात रिकामे होते आणि ते कुठं ठेवावेत हेच मला कळत नव्हतं.

घरी आलो तर पोरगी झोपली होती. फोन आला नव्हता, काही बिघडलं नव्हतं.

बाकावरच्या आम्ही पाच जणींनी आता ठरवलंय. आठवड्यातून दोन दुपारी दोघींनी पाचही मुलं सांभाळायची, तिघींनी सुटायचं. पुढच्या आठवड्यात पाळी फिरते. ती विडीवाली म्हणाली, मी नुसती झोपणार. एकमेकींच्या मुलांचं कसं करायचं ते आम्ही बाकावरच शिकून घेतलंय. अडलंय फक्त जागेपाशी. पाचही घरं लहान, दोन तर वरच्या मजल्यावर.

तळमजल्यावरची एक खोली हवी आहे. कन्ना चौक, अशोक चौक किंवा त्याच्या आसपास. दाराला आतून वरच्या बाजूला कडी, एक पंखा, नळ किंवा निदान भरलेली टाकी, आणि व्हीलचेअर आत जाईल एवढं दार. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते पाच. भाडं देऊ. कुणाची असेल, कुणाला माहीत असेल, तर मला मेसेज करा. आणि जवळ राहणाऱ्या कुणाला येऊन शिकायचं असेल तर तेही कळवा. पहिले चार आठवडे आम्ही सोबत असू.