केळं परसातलं होतं, तरी ओठ सुजलाच

तोच मेसेज आठवड्यात तिसऱ्यांदा आला, या खेपेस मावसभावाकडून. सार असं: फळांची ॲलर्जी वगैरे काही नसतं, बाधतं ते कार्बाइड. सेंद्रिय फळं खा. खाज सुटली तर एक गोळी घ्या, रोज थोडंथोडं खाल्लं की सवय होते. आणि रबराचा फळांशी संबंध लावणं हा निव्वळ डॉक्टरांचा धंदा. मला रबराचीही ॲलर्जी आहे आणि केळी-किवीचीही, म्हणून हे उत्तर.

आधी कार्बाइड. ते वाईटच, फळं पिकवायला ते वापरण्यावर आपल्याकडे बंदी आहे. त्याची वकिली मी करणार नाही. पण माझा ओठ पहिल्यांदा सुजला तो आईच्या परसातल्या केळ्याने. घड घरचा, पेंढ्यात पिकवलेला. दोन घास पोटात गेले आणि टाळू खाजायला लागली, मग कानाच्या आत, जिथे बोटही पोचत नाही तिथे. दहा मिनिटांत खालचा ओठ टरारून वर आला. आई म्हणाली, "अगं, मुंगी चावली असेल."

मुंगी नव्हती आणि कार्बाइडही नव्हतं. केळं, किवी, ॲव्होकॅडो, चेस्टनट यांत चिटिनेज नावाची प्रथिनं असतात. बुरशीला तोंड द्यायला झाडच ती बनवतं. त्यांचा एक भाग रबराच्या चिकातल्या हेवीन या प्रथिनाशी मिळताजुळता असतो. हेवीनवर उठलेलं शरीर केळ्यावरही उठतं, ते असं. सेंद्रिय केळ्यातही हे प्रथिन असतंच. मेसेजवाल्याच्या पदरात एक गोष्ट टाकते: इथिलीन, म्हणजे फळं पिकवणारा वायू, दिल्यावर काही फळांत चिटिनेज वाढतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण इथिलीन पिकताना फळ स्वतःही सोडतं.

आता 'डॉक्टरांचा धंदा'. या दुखण्याला लेटेक्स-फ्रूट सिंड्रोम (लेटेक्स म्हणजे रबराचा चीक) हे नाव १९९४ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी दिलं. रबराची ॲलर्जी असलेल्या साधारण ३० ते ५० टक्के लोकांना कुठलं ना कुठलं फळ बाधतं. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होते, दिवसभर पावडरवाले हातमोजे. ती पावडर रबराचं प्रथिन घेऊन हवेत उडते. मोजा काढला की मला शिंकांची माळ लागायची. अमेरिकेने असे मोजे २०१७ साली बंद केले.

(चीक येणारं प्रत्येक फळ वर्ज्य, हेही खरं नाही. किवीला कुठे चीक असतो? आणि आंब्याच्या देठाचा चीक लागून ओठ भाजतो, तो प्रकार निराळा.)

सगळ्यात घातक वाक्य गोळीचं. सेटिरिझिनने खाज आणि गांधी कमी होतात. बंद होत चाललेला घसा उघडत नाही, कोसळलेलं ब्लडप्रेशर वर येत नाही. आवाज बसला, श्वास अडकला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, आणि थेट हॉस्पिटल. अंधारी आलेल्या माणसाला आडवं ठेवायचं, "जरा चालून बघ" म्हणायचं नाही. गोळी घेऊन वाट बघण्यात जाणारी मिनिटं महागात पडतात.

'सवय होते' याला एवढंच: शरीराला सरावण्याचे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतात, स्वयंपाकघरात नाही.

सगळी फळं सोडायची असंही नाही. चिटिनेज उष्णतेने मोडतं, त्यामुळे काहींना शिजवलेलं चालतं. डॉक्टरांसमोर चाचणी झाल्यापासून सत्यनारायणाच्या शिऱ्यातलं केळं मला चालतं, शिकरण मात्र नाही. ज्याची त्याची यादी वेगळी.

हे सगळं वाचून मावसभावाने विचारलं, "मग रविवारी येशील तेव्हा ठेवू काय?" डाळिंब ठेव, पेरू ठेव. फक्त त्या सुरीने आधी किवी चिरू नकोस, आणि पिंटूच्या वाढदिवसाचे फुगे मी यायच्या आत उतरवून ठेव.