बाटली भरलेलीच घरी यायची

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि धाकट्याची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायला लागली. दुसरीतलं पोर. मी रोज ओरडायचे, "अरे, दिवसभरात घोटभर तरी प्यायचं ना!" तो दप्तर टाकून आधी बाथरूमकडे पळायचा आणि बाहेर येऊन घटाघटा दोन पेले पाणी प्यायचा. दोन्ही गोष्टी रोज डोळ्यांसमोर घडत होत्या, पण त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. आलं ते डॉक्टरांच्या. लघवीला जळजळ होते म्हणून त्याला घेऊन गेले, तर औषध लिहिता लिहिता त्यांनी त्यालाच विचारलं, "शाळेत शूला जातोस का रे?" त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

सगळं बाहेर यायला तीन रात्री लागल्या. दिवा मालवल्यावर, माझ्याकडे पाठ करून, थोडं थोडं सांगितलं त्याने. त्याला अजून 'र' म्हणता येत नाही, 'ल' होतो. मोठ्या सुट्टीत चौथीतली तीन मुलं बाथरूमच्या दारात आडवी उभी राहायची. "म्हण, रस्त्यावर रिक्षा. नीट म्हटलंस तर आत सोडतो." हा म्हणायचा, "लस्त्यावल लिक्शा." की हशा. परत म्हण. परत हशा. घंटा होईपर्यंत. त्याच्याच वर्गातली मुलं मागे रांगेत असायची, तीही हसायची. एक दिवस चड्डी ओली झाली. घरी येऊन त्याने बाटली सांडली म्हणून सांगितलं होतं आणि मी त्या बाटलीचं झाकण बदलून आणलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने शाळेत पाणी पिणंच सोडलं. सात वर्षांच्या मुलाने कुणाला न सांगता शोधलेला उपाय होता तो. हे लिहितानाही हात थरथरतोय माझा.

आपल्याकडे या प्रकाराला जे शब्द आहेत ते सगळे हलके आहेत. चिडवणं, खोड्या काढणं, मस्ती. कॉलेजात झालं की आपण रॅगिंग म्हणतो आणि हादरतो. दुसरीत झालं की "मुलं म्हटली की एवढं चालायचंच". हे वाक्य मी शाळेत ऐकलं, नात्यात ऐकलं, आणि खरं सांगायचं तर यापूर्वी दुसऱ्यांच्या मुलांबद्दल मी स्वतःही म्हटलेलं आहे.

घरात सासरे म्हणाले, "एक ठेवून द्यायची कानाखाली, परत नादाला लागणार नाहीत." नवरा म्हणाला, "लक्ष देऊ नकोस, कंटाळून सोडतील." दोघंही जीव टाकतात त्याच्यावर. पण दोन्ही सल्ले नीट बघा. निस्तरायचं कुणी, तर त्यानेच. ज्याचं डोकं त्या मुलांच्या छातीला लागतं, त्याने.

शाळेत पहिल्यांदा तोंडी सांगितलं तेव्हा त्या मुलांना आणि याला समोरासमोर उभं केलं, सॉरी म्हणायला लावलं, शेकहँड झाला. दोन दिवसांनी दारात नवं वाक्य ऐकायला मिळालं, "आईला जाऊन सांगितलंस ना?" सॉरी-शेकहँड हा भांडणावरचा उपाय आहे. दोन सारख्या ताकदीची मुलं पेन्सिलीवरून भांडली तर तो चालतोही. इथे भांडण नव्हतंच. डॅन ओल्वेयस या अभ्यासकाने हा फरक फार पूर्वी स्पष्ट करून ठेवलाय: मुद्दाम केलेलं, पुन्हापुन्हा होणारं, आणि ज्यात एकाची बाजू इतकी दुबळी की त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही, तो छळ. 1982 च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केली, त्यामागे शाळेतला छळ असावा असं पुढे आलं, आणि 1983 मध्ये तिथे देशभरातल्या शाळांसाठी मोहीम निघाली. त्या देशाने "मुलं म्हटली की" म्हणणं तेव्हा थांबवलं.

मग मी लेखी अर्ज दिला. तारीख, वार, जागा, कोण काय म्हणालं, सगळं लिहून. पोच घेतली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, त्याचा उल्लेख केला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असायची ती सखी सावित्री समिती आहे का, तक्रारपेटी कुठे लावलीय, ती उघडतं कोण, हेही विचारलं. ज्या पालकांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, समितीचा शासन निर्णय 2022 चा आहे, तुम्हीही विचारू शकता. शाळा ऐकतच नसेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, ती रात्रीसुद्धा चालू असते. लेखी गेल्यावर बोलण्याचा सूर बदलला हे खरं. मुलगा हळवा असल्याचं मला पुन्हा कुणी ऐकवलं नाही.

पण खरा फरक कागदाने पडला नाही, त्याच्या वर्गाच्या बाईंमुळे पडला. त्यांनी माझ्या मुलाला पुढे उभं केलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. रांगेत हसणाऱ्या मुलांना दोघा-दोघांना जवळ बसवून त्या बोलल्या. त्यातला एक म्हणाला, "बाई, आम्हाला पण भीती वाटायची. नाही हसलो तर आम्हाला म्हणायला लावलं असतं." हे बाईंनी मला सांगितलं तेव्हा दोघींनाही पुढे बोलता येईना. आता त्यातलीच दोन मुलं मोठ्या सुट्टीत याच्याबरोबर जातात आणि दाराशी एक मावशी उभ्या असतात. फिनलंडमधल्या शाळांचा किवा नावाचा कार्यक्रम याच विचारावर उभा आहे, छळणाऱ्याला बळ मिळतं ते भोवतीच्या बघ्यांकडून. आमच्या बाईंनी तो वाचला होता की नाही मला माहीत नाही. त्यांना मुलं कळतात.

त्या तीन मुलांबद्दलही लिहायलाच हवं. एका रात्री मी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाचं नाव घालून भला मोठा मेसेज टाइप केला होता. शेजारी बसलेल्या माझ्या आठवीतल्या मुलीने वाचला आणि म्हणाली, "आई, तो पण नऊ वर्षांचाच आहे ना गं." मी पुसून टाकला. नंतर त्या मुलाच्या आईशी फोनवर बोलले. पहिली दहा मिनिटं ती भांडली, मग रडली. त्यांच्या घरातलं इथे सांगणार नाही, पण "नीट म्हण, नाहीतर जेवायला मिळणार नाही" हे तो कुठे शिकला असेल ते मला कळलं. त्याच्यावरचा माझा राग पूर्ण गेलेला नाही. तरी त्याचं नाव शंभर मोबाइलांवर फिरलं नाही याचं मला बरं वाटतं.

धाकट्याचा 'र' अजून यायचाय. परवा त्याने मला विचारलं, "आई, 'ल' आला की ते हसणाल नाहीत ना?" मी त्याला सांगितलं, 'र' आला नाही तरी कुणी हसायचं नाही. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

शनिवारी पालकसभा आहे. मावशी उभ्या असतात त्या फक्त खालच्या मजल्यावर, पहिली-दुसरीच्या. वरच्या मजल्यावर मोठ्या सुट्टीत बाथरूमबाहेर कोण असतं, हे मी विचारणार आहे. तुमच्या मुलांच्या शाळेत कोण असतं?