अमेरिकेत असता तर घरी बसवला असता?

भारतात एखादा महागडा क्रिकेटपटू ढेपाळला किंवा त्याचं बोर्डाशी वाजलं, की इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांत एक वाक्य हमखास पडतं: ‘अमेरिकेत असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता.’ इशान किशन आणि श्रेयस अय्यर यांचे केंद्रीय करार गेले तेव्हा ते आलं, पृथ्वी शॉला लिलावात कोणी विचारलं नाही तेव्हा आलं, आणि २७ कोटींच्या ऋषभ पंतने २०२५च्या आयपीएलमध्ये २६९ धावा केल्या तेव्हा तर ‘एका धावेला दहा लाख’ या हिशोबासकट आलं. वाक्य ठसक्यात आहे. अमेरिकन फुटबॉलला ते बऱ्याच अंशी लागूही पडतं. बेसबॉलला मात्र अजिबात नाही, कारण तिथे खेळाडूला घरी बसवण्याइतका महाग पर्याय दुसरा नसतो.

मेजर लीग बेसबॉलमधला करार हमीचा असतो. आकडा लिहिला की तो द्यायचा, मग फॉर्म जावो, खांदा जावो, नाहीतर मॅनेजरशी बोलणं बंद होवो. वॉशिंग्टनच्या क्लबने डिसेंबर २०१९ मध्ये स्टीफन स्ट्रासबर्गला सात वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलर कबूल केले. त्यानंतर हा पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) उण्यापुऱ्या आठ सामन्यांत उतरू शकला. त्याला काढून टाकूनही क्लबचा एक डॉलर वाचला नसता.

काढण्याची पद्धतही ठरलेली आहे. खेळाडूचं नाव ४० जणांच्या यादीतून उतरवलं की क्लबला सात दिवस मिळतात. तेवढ्यात ट्रेड करायचा, वेव्हरवर टाकायचं (म्हणजे ‘हवा त्याने न्या’ असं बाकीच्या क्लबांना सांगायचं) किंवा सोडून द्यायचं. वेव्हरवरून जो उचलेल त्याला उरलेला करारही उचलावा लागतो, त्यामुळे महागड्या माणसाला सहसा कोणी हात लावत नाही. खालच्या लीगमध्ये पाठवावं, तर मेजर लीगमध्ये पाच वर्षं सेवा झालेला खेळाडू नकार देऊ शकतो, पगार शाबूत ठेवून. मग उरतं सोडून देणं. सोडलेला खेळाडू नव्या संघाला लीगच्या किमान पगारात मिळतो आणि बाकीची रक्कम जुना क्लब भरत राहतो. एंजल्स क्लबने मे २०२१ मध्ये अल्बर्ट पुहोल्सला त्याच्या दहा वर्षांच्या, २४ कोटी डॉलरच्या कराराच्या शेवटच्या हंगामात मोकळं केलं. काही दिवसांत तो शेजारच्याच लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सच्या पोशाखात खेळत होता, आणि पगाराचा जवळजवळ सगळा भार एंजल्सवरच होता.

त्यात लक्झरी टॅक्स. बेसबॉलमध्ये पगारावर वरची मर्यादा नाही, पण एक उंबरठा आहे. २०२५ साली तो २४.१ कोटी डॉलर होता. ओलांडला तर वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षापासून ५०. उंबरठ्याच्या सहा कोटी वर गेलं की आणखी ६० टक्के अधिभार. म्हणजे सराईत उधळ्या क्लबला वरच्या टप्प्यात एका डॉलरच्या पगारावर एक डॉलर दहा सेंट कर पडतो. या हिशोबात त्या वर्षी हातात दिलेला पगार धरत नाहीत, कराराची वार्षिक सरासरी धरतात. शोहेई ओहतानी वर्षाला फक्त २० लाख डॉलर घेतो, ७० कोटींतले ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात मिळायचे आहेत. तरी कराच्या वहीत तो दरवर्षी सुमारे ४.६ कोटींना लागतो. आणि सोडून दिलेला खेळाडूही या वहीतून पुसला जात नाही.

म्हणून रुसलेल्या ताऱ्याचं काय करायचं, हा इथे शिस्तीपेक्षा हिशोबाचा प्रश्न होतो. बोस्टनचा रफाएल डेव्हर्स हे त्याचं ताजं आणि सगळ्यात बोलकं उदाहरण. रेड सॉक्स या बोस्टनच्या क्लबने जानेवारी २०२३ मध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा ३१.३५ कोटी डॉलरचा करार केला, २०२४ ते २०३३. तो थर्ड बेसवर, म्हणजे मैदानातल्या एका ठरलेल्या क्षेत्ररक्षणाच्या जागी, खेळायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लबने त्याच जागेवरचा उत्तम क्षेत्ररक्षक अलेक्स ब्रेगमन याला आणलं आणि डेव्हर्सला ‘डेझिग्नेटेड हिटर’ व्हायला सांगितलं, म्हणजे फक्त बॅटिंग, ग्लोव्हला सुट्टी. कुरकुरत का होईना, त्याने ऐकलं. मेच्या सुरुवातीला फर्स्ट बेसवरच्या ट्रिस्टन कसासचा गुडघा गेला, तेव्हा त्याच क्लबने त्याला सांगितलं, आता ग्लोव्ह पुन्हा चढव आणि फर्स्ट बेसवर उभा राहा. या वेळी त्याने पत्रकारांसमोरच नाही म्हटलं आणि बेसबॉल प्रमुख क्रेग ब्रेस्लो यांच्यावर उघड नाराजी दाखवली. मालक जॉन हेन्री स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटले. तोडगा निघाला नाही.

१५ जूनच्या रविवारी फेनवे पार्क या आपल्या मैदानावर बोस्टनने न्यूयॉर्कच्या यांकीजना मालिकेत तिसऱ्यांदा हरवलं. डेव्हर्सने त्या सामन्यात होमरन (बेसबॉलमधला षटकार) मारला. काही तासांत, संघ सिएटलला निघत असताना, तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला विकला गेल्याची बातमी आली. जायंट्सनी उरलेले २५ कोटींहून जास्त डॉलर पूर्णपणे अंगावर घेतले. बदल्यात आले दोन पिचर आणि दोन नवखे, ज्यांच्याकडे पाहून बोस्टनचा प्रेक्षक हळहळला. पण बाजाराचा नियमच तसा आहे: सोबत रोकड दिली तर चांगले तरुण मिळतात, सगळा पगार समोरच्याच्या गळ्यात घातला तर मिळेल ते घ्यावं लागतं. बोस्टनने दुसरा मार्ग घेतला. पुढे बोस्टन प्लेऑफमध्ये पोचलं, जायंट्स ८१ विजय आणि ८१ पराभवांवर अडकले. आणि डेव्हर्स? जुलैत तो जायंट्सकडून फर्स्ट बेसवर उभा राहिला.

यात दोष कोणाचा? माझ्या मते सत्तर टक्के क्लबचा. करारात जागेचं काही लिहिलेलं नसतं, खेळाडूला कुठे उभं करायचं हा क्लबचाच अधिकार. पण दहा वर्षांचा करार करताना ‘पुढे थर्ड बेस सोडावा लागेल’ हे स्पष्ट बोलून घ्यायला काही खर्च नव्हता. ज्याच्यासाठी हे रामायण घडलं त्या ब्रेगमनच्या करारात दर हंगामाअखेर बाहेर पडायची मुभा होती, ती त्याने पहिल्याच वर्षी वापरली.

एक गोष्ट मात्र भारतातल्या वाचकाला खटकेल. डेव्हर्सला या विक्रीबद्दल कोणी विचारलं नाही. करारात ट्रेड नाकारण्याचं कलम असेल, किंवा दहा वर्षं सेवा आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबमध्ये झाली असतील, तरच खेळाडू अडवू शकतो. मायामीच्या जियानकार्लो स्टँटनकडे ते कलम होतं. २०१७ मध्ये त्याने सेंट लुइस आणि सॅन फ्रान्सिस्को दोन्ही नाकारले आणि न्यूयॉर्कला गेला. आयपीएलमध्ये ट्रेडला खेळाडूची संमती लागते, तेवढ्यापुरते आपण पुढे आहोत.

कलमांची ताकद पाहायची तर यांकीजचा थर्ड बेसवरचा आरॉन बून आठवावा. जानेवारी २००४ मध्ये मित्रांसोबत बास्केटबॉल खेळताना त्याचा गुडघा फाटला. बास्केटबॉल करारातल्या मनाई यादीत होता. यांकीजनी ५७.५ लाख डॉलरचा करार मोडला आणि त्याला सुमारे ९.१७ लाख देऊन मोकळं केलं. थर्ड बेस रिकामा झाला म्हणून फेब्रुवारीत त्यांनी अलेक्स रॉड्रिगेझला आणलं. उलट, ढिसाळ कलम क्लबलाच चावतं. पुढे याच रॉड्रिगेझला यांकीजनी ठराविक विक्रमी होमरनला प्रत्येकी ६० लाख डॉलर ‘मार्केटिंग’साठी कबूल केले. उत्तेजकांच्या प्रकरणात २०१४चा पूर्ण हंगाम बंदी भोगून तो परतला, २०१५ मध्ये ६६०वा होमरन मारला, आणि क्लब म्हणाला, आता विकण्यासारखं काही उरलं नाही, पैसे देणार नाही. शेवटी ३५ लाख डॉलर समाजकार्याला देऊन मिटलं. त्याच्यावरची बंदीसुद्धा २११ सामन्यांची होती, लवादाने १६२ वर आणली. त्या वर्षीचा बहुतेक पगार त्याचा गेला, पण करारातली पुढची तीन वर्षं यांकीजना पुसता आली नाहीत.

विमा हा आणखी एक मार्ग, पण तो दुखापतीला लागतो, फॉर्मला किंवा तिरसटपणाला नाही. अल्बर्ट बेलकडे तिरसटपणाही होता आणि दुखापतही झाली. बाल्टिमोरने १९९८च्या अखेरीस त्याला पाच वर्षांचे ६.५ कोटी डॉलर दिले, दोन हंगामांत नितंबाचा सांधा निकामी झाला. तो पुन्हा खेळणार नव्हता, तरी २००३ पर्यंत ४० जणांच्या यादीत त्याचं नाव होतं, कारण विम्याचे पैसे येत राहायला हवे होते. प्रिन्स फील्डरची मान २०१६ मध्ये गेली तेव्हा त्याच्या वार्षिक २.४ कोटींपैकी ९० लाख विमा कंपनी, ९० लाख टेक्सास आणि ६० लाख त्याला आधी विकणारं डेट्रॉइट, अशी वाटणी झाली. अशा वेळी खेळाडू रीतसर निवृत्ती जाहीर करत नाही, कारण ती केली की हमीच संपते.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं सांगितलं तो. डिसेंबर २००३ मध्ये बोस्टन आणि टेक्सास यांचा सौदा ठरला होता: रॉड्रिगेझ बोस्टनला, मॅनी रामिरेझ टेक्सासला. रामिरेझ लहरी, बोस्टन त्याला इतकं कंटाळलं होतं की काही आठवड्यांपूर्वीच त्याला वेव्हरवर टाकलं होतं, फुकट न्या म्हणून, आणि एकाही संघाने नेलं नव्हतं. सौदा जुळावा म्हणून रॉड्रिगेझ स्वतः पगार कमी करून घ्यायला तयार होता. खेळाडू संघटनेने नाही म्हटलं. एकाने हमीची रक्कम खाली आणली की उद्या प्रत्येकावर तोच दबाव येणार, हे तिचं कारण. सौदा मोडला. रामिरेझ बोस्टनलाच राहिला आणि २००४च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (लीगच्या अंतिम मालिकेत) सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००८ मध्ये प्रवासव्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याने ढकललं, तेव्हा कुठे बोस्टनने उरलेला पगार स्वतः भरून त्याला लॉस एंजेलिसला धाडलं.

यासमोर नोव्हेंबर २०२५चा आपला व्यवहार ठेवा. संजू सॅमसन चेन्नईला गेला, रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला, आणि त्या ओघात जडेजाची रक्कम १८ कोटींवरून १४ कोटी झाली. बातमीच्या एका ओळीत विषय संपला. आक्षेप घ्यायला कोणी नव्हतंच, कारण आपल्याकडे खेळत्या क्रिकेटपटूंची संघटना नाही. २०१९ मध्ये झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन निवृत्तांची आहे.

पंतच्या २७ कोटींचा हिशोबही याच चष्म्यातून करायला हवा. लखनौचं नुकसान ‘एका धावेला दहा लाख’ हे नव्हे. १२० कोटींच्या पर्समधले साडेबावीस टक्के एका माणसावर गेले आणि बाकीचा संघ उरलेल्यात उभा करावा लागला, हे खरं नुकसान. आणि ते दर मोसमाला दुरुस्त करता येतं. कोलकात्याने वेंकटेश अय्यरला २३.७५ कोटींना घेतलं, हंगाम फसला, सोडून दिलं, पुढच्या लिलावात तो बंगळुरूला सात कोटींना गेला. कोलकात्याची चूक एका वर्षात निकालात निघाली. बेसबॉलमध्ये अशीच चूक सात वर्षं पगारपत्रकावर बसली असती. म्हणजे धोका आपल्याकडे खेळाडूच्या डोक्यावर आहे, इथे क्लबच्या. ‘अमेरिकेसारखं कडक व्हा’ म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावं.

बोर्डाचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये किशन आणि अय्यर करारातून गेले. निवेदनात दोघांचा विचार झाला नाही एवढंच होतं, आणि खाली सगळ्यांसाठी देशांतर्गत क्रिकेटचा उपदेश. आरोप काय, ऐकणार कोण, दाद कुठे मागायची, काही नाही. देशांतर्गत क्रिकेट खेळलंच पाहिजे हे मला मान्य आहे, पण मग ते करारात सामने मोजून लिहा. अय्यर मार्चमध्ये मुंबईकडून रणजी अंतिम सामना खेळला, विदर्भाविरुद्ध ९५ केल्या, मग कोलकात्याला आयपीएल जिंकून दिली, चॅम्पियन्स ट्रॉफीत भारताच्या सर्वाधिक धावा केल्या, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याचं नाव ‘ब’ गटात परत आलं. कोणत्या निकषावर गेलं आणि कोणत्या निकषावर आलं, हे दोन्ही वेळा छापलं गेलं नाही.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मात्र समजू नये. मोकळ्या बाजारात यायला खेळाडूला सहा वर्षं सेवा लागते आणि एक वर्ष म्हणजे यादीतले १७२ दिवस. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला एप्रिलच्या मध्यापर्यंत खालच्या लीगमध्ये ठेवलं. त्याचे भरले १७१. त्या एका दिवसाने क्लबला त्याचं आणखी एक स्वस्त वर्ष मिळालं, तक्रारीचा निकालही त्याच्याविरुद्ध गेला. पुढे कोलोराडोने त्याला सात वर्षांचे १८.२ कोटी दिले आणि तो बहुतांश काळ जायबंदी आहे. पंचविशीत कमी द्यायचं आणि पस्तिशीत जास्त, अशी ही उधारी आहे. दुसऱ्या क्लबने फेडलेली.

मालकांना ती आता नकोशी झाली आहे. खेळाडू संघटनेबरोबरचा सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ला संपतो आणि त्यांच्यातल्या अनेकांना पगारावर पक्की वरची मर्यादा हवी आहे, थोडक्यात आयपीएलच्या पर्ससारखं काहीतरी. खेळाडू संघटनेने १९९४ मध्ये याच मुद्द्यावर संप केला होता आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज झालीच नाही. तिचं उत्तर अजूनही तेच आहे.